कमी बिलाची खिडकी

त्या महिन्याचं वीजबिल भाऊसाहेबांनी आधी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं, आणि मग खिडकीपाशी नेऊन, उलटं करून, मागच्या बाजूला काही खुलासा दिलाय का ते पाहिलं. मागच्या बाजूला 'वीज वाचवा' असं छापलेलं होतं.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "एवढं लुटायचं आणि वर उपदेश!"

भाऊसाहेबांच्या बायकोला सगळी बिल्डिंग वहिनी म्हणायची. वहिनी भांडी विसळत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. दुधाचा भाव वाढला तेव्हाही भाऊसाहेब असेच खिडकीपाशी गेले होते, गॅस वाढला तेव्हाही गेले होते, आणि लेकीच्या कॉलेजची फी वाढल्याचं कळलं तेव्हा तर थेट गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. घरात खिडक्या मोजक्या आहेत आणि महागाई काही थांबत नाही, एवढंच वहिनींचं म्हणणं होतं.

पण या वेळी भाऊसाहेब खिडकीपाशी नुसते उभे राहिले नाहीत. ते विचार करू लागले, आणि ते विचार करू लागले की घरातल्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. भाऊसाहेब एका विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात होते. लोकांनी आपल्या नुकसानीची कहाणी लिहून पाठवायची आणि भाऊसाहेबांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. 'खुलासा समाधानकारक वाटत नाही' हे वाक्य त्यांच्या हातून इतक्या वेळा लिहून झालं होतं की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच तोंडात यायचं.

संध्याकाळी त्यांनी बायको आणि लेक दोघींना टेबलापाशी बसवलं.

"दूध कमी प्यावं तर तब्येत जाते," ते म्हणाले. "फी कमी भरावी तर हिचं नाव कापतात. घरभाडं आपल्या हातात नाही. अख्ख्या संसारात एकच खर्च असा आहे की ज्याचं बटण आपल्या स्वतःच्या भिंतीवर आहे."

"म्हणजे आपण अंधारात राहायचं?" लेकीने विचारलं.

"अंधार नाही म्हणायचं. काटकसर म्हणायचं."

असं म्हणून त्यांनी उठून दिवा मालवला आणि परत येताना खुर्चीऐवजी कचऱ्याच्या डब्यावर बसले. योजनेचा आरंभ असा झाला.

पहिले काही दिवस घरात शिस्त होती. दोन खोल्यांतले दिवे भाऊसाहेबांनी काढूनच ठेवले. न्हाणीघरात हाताने भिंत चाचपत जायचं, कोणी आत असेल तर त्याने खोकायचं, असे नियम झाले. सकाळची दाढीही ते अंदाजाने करू लागले. इतकी वर्षं हाच चेहरा वापरतोय, तो कुठे काय आहे ते मला माहीत नाही का, असं त्यांचं म्हणणं. चेहऱ्याला बहुधा तितकीशी ओळख नव्हती, कारण ऑफिसात जाताना एका कानाखाली थोडा साबण आणि हनुवटीवर थोडं रक्त, असा त्यांचा अवतार असायचा.

एक दिवस ते एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी बूट घालून ऑफिसला गेले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बुटांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, घरी सगळं ठीक आहे ना?" एरवी फायलीवरून डोकं वर न काढणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. भाऊसाहेबांना संताप आला. माणसाने पैसे वाचवायचे ठरवले तर जगाने त्याची कीव का करावी? दिवसभर पाय टेबलाखाली ओढून घेऊन ते बसून राहिले आणि त्या दिवशीचा एकही दावा त्यांनी मंजूर केला नाही.

आता बिल्डिंगमध्ये अशी गोष्ट लपून राहत नाही. त्यातून बिल्डिंगच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे जिन्यात राहणारा माणूस. तसं त्यांना वरच्या मजल्यावर चांगलं घर होतं, पण कुणाच्या घरात काय चाललंय ते तिथून ऐकू येत नसे, म्हणून ते बहुतेक वेळ जिन्यातच असायचे.

"दिवे काय काढताय भाऊसाहेब," ते म्हणाले. "दिवा बिचारा काय खातो? तुमचा खरा दरोडेखोर स्वयंपाकघरात उभा आहे. फ्रीज! तुम्ही झोपता तेव्हाही तो खात असतो."

तळमजल्यावर कपडे शिवायचं दुकान होतं. तिथले टेलरमास्तर दारातूनच म्हणाले, "फ्रीजचं राहू द्या. इस्त्री! इस्त्रीला जेवढी वीज लागते ना, तेवढ्यात माझं मशीन महिना चालेल."

समोरच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. त्या इस्पितळात नर्स होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बिल्डिंगने त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. कुणाचं पोट दुखलं, कुणाला ताप आला की आधी सिस्टर. "मला विचाराल तर पाणी तापवायचं बंद करा," त्या म्हणाल्या. "तब्येतीलाही बरं." पुढे काय होणार ते माहीत असतं तर त्या हे बोलल्या नसत्या.

भाऊसाहेबांनी तिघांचाही सल्ला मानला. कुणालाच नाराज करायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. दावेदार सोडून.

फ्रीज बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी दूध नासलं. नासलेल्या दुधाचं पातेलं वहिनींनी भाऊसाहेबांच्या समोर ठेवलं आणि स्वतः कामाला निघून गेल्या. त्या जवळच्या एका बालवाडीत शिकवायच्या. न बोलता समोरच्याला गप्प करणं त्यांना तिथेच साधलं असावं.

भाऊसाहेब पातेल्याकडे बघत बसले. मग नवीन दूध आणून त्यांनी समोरचं दार वाजवलं. "सिस्टर, एवढं जरा ठेवता का? संध्याकाळपर्यंतच."

"ठेवा की," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या फ्रीजमध्ये एकटं लोणी काय ते असतं."

दुधाच्या मागोमाग अंडी गेली, अंड्यांच्या मागोमाग टोमॅटो, मग उरलेलं जेवण. कुणाच्या घरी आपलं सामान ठेवलं की ते आणायला जावं लागतं, आणि गेलं की दोन शब्द बोलावे लागतात. बोलायला बसलं तर सिस्टरांकडे पंखा चालू असतो, दिवा छान लख्ख असतो, आणि वर्तमानपत्रातला बारीक मजकूर तिथे वाचता येतो हेही भाऊसाहेबांच्या ध्यानात आलं. हळूहळू ते संध्याकाळचं वर्तमानपत्र घेऊनच जाऊ लागले. आपण वीज वाचवायला जातो असं त्यांना कधी वाटलं नाही. शेजारधर्म म्हणून जातो, असंच ते स्वतःला सांगायचे.

इस्त्रीचंही असंच झालं. चुरगळलेला शर्ट घालून भाऊसाहेब खाली उतरत होते. टेलरमास्तरांना ते बघवलं नाही. "काढा," ते म्हणाले. "नाही, खरंच काढा. माझी इस्त्री तापलेलीच आहे, एक हात फिरवायला काय लागतं?" भाऊसाहेब दुकानाच्या पडद्यामागे बनियनवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते शर्ट हातातच घेऊन आले. पुढच्या आठवड्यात पँटही आली, आणि एकदा चक्क पडदा आला. इस्त्री होईपर्यंत नुसतं काय उभं राहायचं, म्हणून भाऊसाहेब गल्ल्यापाशी पडलेली मास्तरांची विम्याची कागदपत्रं चाळायचे, इथे सही राहिली, इथे तारीख चुकली असं सांगायचे. त्याची आठवण त्यांना नंतर राहिली नाही. मास्तरांना राहिली.

लेक अभ्यासाला वर सेक्रेटरींच्या घरी जाऊ लागली, कारण त्यांच्या धाकट्या मुलीच्या टेबलावर मोठा दिवा होता. मोबाइल ऑफिसात चार्ज व्हायचे. आणि भाऊसाहेब थंड पाण्याने अंघोळ करू लागले, त्यात त्यांना अशी सर्दी झाली की शिंक आली की वरच्या मजल्यावरचा अभ्यास थांबायचा. मग सिस्टरच किटलीत पाणी उकळून द्यायच्या, डोक्यावर टॉवेल घालून वाफ घ्यायला लावायच्या, आणि टॉवेलाच्या आत तोंड खुपसलेल्या भाऊसाहेबांना ऐकवायच्या, "तब्येतीला बरं म्हणाले होते, ते धडधाकट माणसांसाठी."

पुढच्या महिन्याचं बिल आलं. भाऊसाहेबांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं, आणि त्यांचा ऊर भरून आला. बिल जवळजवळ नव्हतंच. किमान आकार, त्यावर चिमूटभर काहीतरी, बस्स!

माणसाला यश मिळालं की ते घरात ठेववत नाही. भाऊसाहेबांनी बिलाची प्रत काढली आणि खाली जिन्याजवळच्या सूचना फलकावर लावली. वर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'इच्छा असेल तर.' येणारा-जाणारा थांबून बघायचा. काही जण मान डोलवायचे. भाऊसाहेब मुद्दाम सावकाश जिना उतरायचे.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "काढा हो ते. दृष्ट लागेल एखाद्याची."

दृष्ट लागली ती वीज कार्यालयाची. एका सकाळी शिडी घेऊन दोन माणसं आली. त्यांनी मीटरच्या पेटीत बराच वेळ डोकं घातलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि भाऊसाहेबांच्या मीटरच्या तारा काढून मीटरच पोत्यात घातलं. मग फलकाजवळ जाऊन त्यांनी एक कागद चिकटवला. जागा बघून चिकटवला, म्हणजे नेमका भाऊसाहेबांच्या बिलाशेजारी. ग्राहकाच्या वापरात संशयास्पद घट झाली आहे, मीटरमध्ये फेरफार करून वीज चोरल्याचा संशय आहे, पुरवठा तोडण्यात येत आहे, ग्राहकाने कार्यालयात हजर राहून खुलासा करावा.

वर 'इच्छा असेल तर' हे भाऊसाहेबांचं अक्षर तसंच होतं.

"अहो, पण मी बचत केली!" भाऊसाहेब ओरडले. "मागे तुम्हीच छापलंय, वाचवा म्हणून!"

शिडीवाल्याने खिशातून पेन काढलं आणि आपल्या कागदावर लिहिलं, 'ग्राहक म्हणतो, बचत केली.' लिहिताना त्याचा चेहरा कसा होता ते भाऊसाहेबांनी नीट पाहिलं. असा चेहरा त्यांनी आजवर फक्त आतून अनुभवला होता. लोकांचे अर्ज वाचताना त्यांचा स्वतःचा चेहरा असाच होत असणार.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते वीज कार्यालयात गेले. मोठी खोली, ओळीने खिडक्या, प्रत्येक खिडकीपुढे रांग. भाऊसाहेब सगळ्यांत लांब रांगेत उभे राहिले, कारण जिथे सगळे जातात तिथेच काम होत असणार. बऱ्याच वेळाने नंबर लागला.

"बिलाची तक्रार आहे," ते म्हणाले.

"किती जास्त आलंय?"

"जास्त नाही. कमी आलंय."

खिडकीतल्या माणसाने पहिल्यांदाच मान वर केली. "कमी आलंय म्हणून तक्रार?"

"माझी नाही. तुमची."

"इथे जास्त बिलाची तक्रार घेतात. कमी बिलाची खिडकी नाही."

रांगेतली माणसं पुढे झुकली. एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "काय केलंत हो नेमकं? आम्हालाही सांगा की." मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, चोरीची केस असेल." आणि भाऊसाहेबांच्या भोवती एकदम मोकळी जागा झाली. रांगेत मोकळी जागा मिळणं ही एरवी चैन, पण त्या क्षणी ती त्यांना अंगावर आली.

शेवटी शिपायाने त्यांना आतल्या केबिनमध्ये नेलं. तिथे इंजिनियर मॅडम बसल्या होत्या, तरुण, डोळ्यांखाली काळं आलेलं, समोर फायलींचा ढीग. आवाज मात्र अगदी शांत.

"घरात किती माणसं?"

"तीन."

"फ्रीज आहे?"

"आहे, पण बंद."

"मग दूध कुठे ठेवता?"

"समोर. सिस्टरांच्या फ्रीजमध्ये."

"इस्त्री?"

"खाली टेलरकडे."

"मुलगी शिकते म्हणालात. अभ्यास?"

"वर. सेक्रेटरींकडे."

"संध्याकाळी तुम्ही दिवा लावत नाही?"

"संध्याकाळी मी घरी नसतो. म्हणजे, समोर असतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग साहेब, तुम्ही राहता कुठे?"

गेल्या महिन्याभरात भाऊसाहेबांनी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

"तुमचा खुलासा मला समाधानकारक वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. चिडून नव्हे, नेहमीचं वाक्य म्हणून म्हणाल्या. "मीटर तपासणीला पाठवलंय, त्याचं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर तुम्ही सांगता ते खरं आहे असं सांगणारी माणसं आणा. नाहीतर दंड होईल आणि प्रकरण पोलिसांकडे जाईल."

दंड भरता आला असता, कसाबसा. पण विमा कंपनीत चोरीचं नाव लागलेल्या माणसाला दावे तपासायला कोण ठेवणार? आणि नोकरी गेली की लेकीची फी कशाने भरायची? परत येताना भाऊसाहेब बसमधून दोन थांबे आधीच उतरले आणि चालत निघाले. गेल्या वर्षी एका दुकानदाराच्या गोदामात पाणी शिरलं होतं. तो येऊन परोपरीने सांगत होता, की शेजारच्यांनीच रात्रभर माल काढायला मदत केली, वाटलं तर त्यांना विचारा. भाऊसाहेबांनी विचारलं नव्हतं. लिहून टाकलं होतं.

घरी वहिनी मेणबत्तीच्या उजेडात लेकीची वही बघत होत्या. आता घरात खरोखरच अंधार होता, आणि त्याला काटकसर म्हणायची सोय राहिली नव्हती. भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं.

"मग जा ना," वहिनी म्हणाल्या. "समोर जा, खाली जा, वर जा. सांगा त्यांना."

"काय सांगू? की चला आणि चारचौघांत सांगा, महिनाभर हा माणूस आमच्या विजेवर जगला?"

"जगलातच ना?"

"कळत कसं नाही तुला! मी चोर ठरलो तर बदनाम, आणि चोर ठरलो नाही तर..." पुढचा शब्द त्यांच्याच्याने उच्चारवेना.

वहिनींनी वही मिटली. इतके दिवस राखून ठेवलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण त्यात टोचणारं काही नव्हतं. "अहो," त्या म्हणाल्या, "लोकांकडे दूध ठेवायला लाज वाटली नाही, मग मदत मागायलाच कशी वाटते?"

भाऊसाहेब समोरच्या दारापाशी गेले. त्यांनी मनात सगळी वाक्यं जुळवली होती. 'सिस्टर, आपल्याला एक तसदी द्यायची आहे' इथून सुरुवात होती. दार उघडलं तर सिस्टर बाहेर जायच्या कपड्यांत, पर्स हातात, पायांत चपला.

"कुठे निघालात?"

"तुमच्याकडेच. शिडीवाले आल्यापासून वाट बघतेय, तुम्ही विचारणार कधी. शेवटी म्हटलं, याला मुहूर्त सापडायचा नाही, आपणच जावं. कधी जायचंय ऑफिसात?"

खाली मास्तरांनी विचारण्याआधीच उद्या दुकान उशिरा उघडेल अशी पाटी लिहून ठेवली होती. सेक्रेटरी तर जिन्यातच होते, त्यांना सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. वहिनीही आल्या होत्या. भाऊसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या अब्रूचे धिंडवडे निघायला सुरुवात झाली.

"रोज संध्याकाळी आमच्याकडे असतात," सिस्टर म्हणाल्या. "पंखा मोठ्यावर लागतो त्यांना. फ्रीजमधला मधला कप्पा त्यांचाच. परवा माझं लोणी काढून त्यांनी दारात ठेवलं, टोमॅटोला जागा हवी म्हणून."

"शर्ट, पँट सगळं माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "एकदा पडदा आणला. एवढा मोठा! इस्त्री कोळसा व्हायची वेळ आली."

"आणि जिन्यातल्या दिव्याखाली बसून मोजे शोधतात," सेक्रेटरी म्हणाले. "पिशवीच घेऊन येतात मोज्यांची."

भाऊसाहेबांचे कान तापले. जिन्यातलं कुणी पाहिलं नसेल, असं ते धरून चालले होते.

"ते जाऊ द्या," मास्तर म्हणाले. "मुख्य वीज माझीच गेलीये. इस्त्रीची बरोबरी कोण करणार?"

"महिनाभर पंखा चालतोय माझा!" सिस्टर कडाडल्या. "आणि किटली? सर्दीच्या वेळी सकाळ-संध्याकाळ किटली!"

"त्यांची मुलगी आमच्याकडे परीक्षेचा अख्खा अभ्यास करून गेली," सेक्रेटरींनीही आवाज चढवला. "मॅडम, लिहून घ्या, सगळ्यात जास्त आमच्याकडेच!"

तिघंही उभे राहिले. आपणच या माणसाला अधिक सांभाळलं, हे सिद्ध करायला ते इतके इरेला पेटले की मॅडमनी एक फाईल उचलून तोंडासमोर धरली. फाईल उलटी होती आणि हलत होती. जरा वेळाने ती खाली आली तेव्हा मॅडमचे डोळे ओले झालेले होते.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. त्यांनी संगणकावर तिघांची बिलं काढून पाहिली. तिन्ही त्या महिन्यात थोडी थोडी वाढलेली. मॅडमनी भाऊसाहेबांच्या अर्जावर लिहिलं, आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "ग्राहकाने वीज चोरलेली नाही. ती त्यांना शेजाऱ्यांनी आपणहून दिल्याचे दिसते. खुलासा समाधानकारक."

भाऊसाहेबांनी ते दोन शब्द आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बाबतीत ऐकले. आभार मानायच्या आधी त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं, आणि सर्दी अजून गेलेली नाही असं समजून सिस्टरांनी पर्समधून गोळी काढून दिली.

केबिनमधून निघताना मॅडम हळूच म्हणाल्या, "मी एकटीच राहते. माझ्या शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही." मग त्या पुढची फाईल उघडून वाचू लागल्या.

मीटर परत लागलं, पुरवठा आला. भाऊसाहेबांनी पहिलं काम केलं ते फलकावरचे दोन्ही कागद काढण्याचं. दुसरं काम म्हणजे, तिघांच्या बिलातला वाढीव भाग आपण द्यायचा असं ठरवून ते पाकिटं घेऊन निघाले. सेक्रेटरींनी पाकीट घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि परत दिलं. "माझ्याकडे बिल्डिंगच्या रंगकामाची वर्गणी आहे, त्यात हे पैसे मिसळले तर," ते म्हणाले, "उगाच खातं बिघडेल." मास्तरांनी पाकिटाला हातच लावला नाही. ते म्हणाले, "तुम्ही ती सही दाखवली नसतीत तर माझा विमा बुडाला असता. दुकानाला आग लागली असती तर काय इस्त्रीने विझवली असती?"

सिस्टरांनी पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भाऊसाहेबांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आता येणं बंद?" त्यांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... वीज आली ना आता आमच्याकडे."

"इतकी वर्षं संध्याकाळी मी दिवा लावत नव्हते," सिस्टर म्हणाल्या. "एकटीला काय करायचाय? टीव्ही बघत बसायचे अंधारात. तुम्ही वर्तमानपत्र घेऊन यायला लागलात आणि मला वाचून दाखवायचात, लोकांना नावं ठेवायचात, तेवढाच घरात आवाज. त्याचे पैसे देताय?"

भाऊसाहेबांनी पाकीट खिशात घातलं. दावे तपासणाऱ्या माणसाला नेहमी वाटतं, की एकाचं वाचतं तेवढं दुसऱ्याचं जातं. इथे त्यांना हिशेब लागेना. ते म्हणाले, "सिस्टर, उद्या आमच्याकडे जेवायला या. मास्तरांना आणि सेक्रेटरींना सांगतो. ही स्वयंपाक करेल." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, आम्ही दोघं करू."

ऑफिसात गेल्यावर त्यांनी गेल्या वर्षीची एक फाईल कपाटातून काढली आणि त्या गोदामाच्या शेजाऱ्यांना भेटायला येतो असं पत्र पाठवलं. साहेबांनी बुटांकडे नजर टाकली. दोन्ही काळे होते, तेव्हा त्यांनी पुन्हा फायलीत डोकं घातलं.

घरखर्चाचं मात्र वहिनींनी स्वतःच्या हातात घेतलं. संध्याकाळी तिघांनी एकाच खोलीत बसायचं, पाणी एकदाच तापवायचं, इस्त्री आठवड्याची एकदम करायची, बाजारातून भाजी आपली आणि सिस्टरांची मिळून आणायची म्हणजे भावही पडतो. अंधारात कुणी राहायचं नाही आणि उजेडात नसत्या फुशारक्या मारायच्या नाहीत. पुढचं बिल आलं ते चारचौघांसारखं आलं. भाऊसाहेबांनी ते एकदाच वाचलं आणि भरायला दिलं.

जेवणाच्या दिवशी टेबल लहान पडलं. मास्तर दुकानातलं कापड कापायचं टेबल घेऊन आले, सेक्रेटरी आपल्या घरातली सगळी माणसं घेऊन आले, सिस्टर लोणी घेऊन आल्या. बसायला जागा नव्हती तरी सगळे बसले. एका दिव्याच्या उजेडात पानं वाढली गेली, कुणी कुणाच्या कोपराला धक्का दिला, मास्तरांनी पडद्याची गोष्ट पुन्हा सांगायला घेतली आणि सिस्टर मध्येच किटलीची सांगू लागल्या.

भाऊसाहेब वाढता वाढता थांबले. पलीकडच्या बाजूला बसलेल्यांचे चेहरे अर्धे सावलीत होते, सिस्टर हसत होत्या तेही नीट दिसत नव्हतं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, आतल्या खोलीत जाऊन कपाटावरचा काढून ठेवलेला दिवा आणला, स्टुलावर चढले आणि तो पलीकडच्या कोपऱ्यात लावला.

"लागतंय का तेवढं?" खालून वहिनींनी विचारलं.

"लागतंय," भाऊसाहेब म्हणाले, आणि स्टुलावरून उतरायच्या आधी जरा वेळ तिथेच उभे राहून सगळ्यांकडे बघत राहिले.